जत्रेतल्या नाटकाची पदे इंटरनेटवर प्रसिद्ध करायची असतील, तर परवानगी कोणाची घ्यावी?

जत्रावेडा (फोंडा तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या गावच्या देवळाच्या जत्रेत दर वर्षी रात्री संगीत नाटक होते आणि ते गावातलीच मंडळी करतात. गायक नट गावातले, ऑर्गनवर शेजारच्या वाड्यावरचे गृहस्थ, तबल्यावर त्यांचाच भाचा आणि पडद्याआड पुस्तक घेऊन बसणारा प्रॉम्प्टर म्हणजे बहुतेक वेळा मी. ही परंपरा ज्यांनी जपली त्यांतले अनेक जण आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. म्हणून आम्ही तिघा-चौघांनी मिळून तिच्यावर आठ भागांची एक मालिका यूट्यूबवर करावयाचे ठरवले आहे. यातून पैसे मिळवण्याचा हेतू नाही. खर्चही आम्हीच वाटून घेत आहोत.

पहिला भाग चाचणीसाठी चढवला आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर स्वामित्वहक्काचा दावा आल्याची सूचना आली. त्या भागात ‘मानापमान’ नाटकातले एक पद होते आणि ते आमच्याच गायकाने आमच्याच सभामंडपात गायलेले होते. समोर पंख्याचा आवाज आणि मागे फेरीवाल्याच्या गाडीची घंटा ऐकू येते, इतके ते आमचे आहे. तरीही दावा आला, तेव्हा मी जरा गडबडलो आणि उरलेले सात भाग थांबवून ठेवले.

आमच्यापुढे चार गोष्टी आहेत. ‘मानापमान’ची वर सांगितलेली पदे ही पहिली. दुसरी म्हणजे मालिकेच्या आरंभी वाजवायला १९७४ साली निघालेल्या एका एलपीवरचा सुमारे वीस सेकंदांचा तुकडा आम्हांला हवा आहे. ती तबकडी माझ्या घरी आहे, पैसे देऊन विकत घेतलेली आहे. तिसरी म्हणजे पंडित जितेंद्र अभिषेकी यांनी चाल दिलेले ‘मत्स्यगंधा’तले एक पद, जे आमच्याकडच्या एका महाविद्यालयीन मुलीने फार सुंदर गायले आहे. चौथी म्हणजे बाकीबाब बोरकरांची एक कविता. तिला आमच्या शाळेतल्या संगीत शिक्षकांनी स्वतः चाल लावली आहे आणि ती शेवटच्या भागात घ्यावी असा त्यांचा आग्रह आहे.

जत्रेतल्या प्रयोगासाठी आजवर कोणी आमच्याकडे काही मागितले नाही. मग तेच ध्वनिचित्रित करून दाखवले की परवानगी का लागावी, आणि लागत असेल तर ती मागायची कोणाकडे, हे कोणी नीट समजावून सांगेल काय?

मडगावचा वकील यांचे उत्तर

आपण शेवटी विचारलेल्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण गोव्यातल्या बहुतेक नाट्यमंडळांचा घोटाळा तिथेच होतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ५२ मध्ये ज्या कृतींना भंग मानले जात नाही त्यांची यादी आहे. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता किंवा एखाद्या धार्मिक संस्थेच्या लाभासाठी केलेला नाट्य वा संगीताचा प्रयोग तिच्यात येतो. आपल्या जत्रेतले नाटक या सवलतीत बसते, म्हणून आजवर आपणांस कोणी हटकले नाही. मात्र ही सवलत प्रयोगापुरतीच आहे. त्या प्रयोगाचे ध्वनिचित्रण करणे ही कायद्याच्या दृष्टीने वेगळी कृती आहे आणि ते ध्वनिचित्रण इंटरनेटवरून लोकांपर्यंत पोहोचवणे ही आणखी वेगळी. मांडावर, म्हणजे प्रयोगाच्या जागी, मिळालेली मोकळीक मांडाची पायरी उतरली की संपते.

याच कलमातली धार्मिक विधी व लग्नसमारंभ यांविषयीची सवलत आपल्याकडे बरीच गाजली होती, हे आपणांस आठवत असेल. जानेवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने तिच्या आधारे एक परिपत्रक काढले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ते रद्द केले, कारण कायद्याने दिलेल्या अपवादाची व्याप्ती परिपत्रक काढून वाढवता येत नाही. त्या वादाचा संबंधही समारंभात संगीत वाजवण्याशी होता. समारंभाचा व्हिडिओ पुढे इंटरनेटवर घालण्याशी त्याची गल्लत करू नये.

आता आपल्या चार गोष्टींकडे येतो. आपण ज्याला एक ‘पद’ म्हणतो त्यात कायदा किमान तीन निरनिराळ्या गोष्टी पाहतो: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांवर कवीचा हक्क असतो, चालीवर संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणावर ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा. शब्द व चाल यांवरचा हक्क त्या त्या कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतर ६० वर्षे टिकतो. ही साठ वर्षे पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणून हक्क नेहमी ३१ डिसेंबरला संपतो. तीन घड्याळे निरनिराळ्या वेळी बंद पडतात, आणि तिन्ही बंद पडल्याखेरीज ते पद त्याच्या मूळ ध्वनिमुद्रणासह मोकळे झाले असे म्हणता येत नाही.

‘मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आले. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे, ते १९४८ साली वारले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या, ते १९५५ साली वारले. म्हणजे शब्दांवरचा हक्क २००८ च्या अखेरीस आणि चालींवरचा २०१५ च्या अखेरीस संपला. ध्वनिमुद्रण तर आपण स्वतःच केलेले आहे. या पदासाठी कोणाचीही परवानगी लागत नाही आणि आलेला दावा चुकीचा आहे. तो आला याचे कारण असे की कंटेंट आयडी ही यूट्यूबची यंत्रणा केवळ ध्वनी व चित्र यांची तुलना करते. त्याच चालीचे, त्याच लयीतले एखादे नोंदवलेले ध्वनिमुद्रण तिला सापडले की ती जुळणी दाखवते. टेंबे केव्हा वारले हे तिला ठाऊक नसते. आपण त्या दाव्यावर हरकत नोंदवावी आणि तिच्यात नाटकाचे वर्ष, दोन्ही कर्त्यांचे मृत्युवर्ष आणि ‘हे ध्वनिमुद्रण आमचे स्वतःचे आहे’ हे वाक्य एवढेच लिहावे. दावेदाराला उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि त्या मुदतीत त्याने काहीच केले नाही तर दावा आपोआप सुटतो. दावा म्हणजे स्ट्राइक (हक्कभंगाबद्दल यूट्यूबने वाहिनीवर ठेवलेला ठपका) नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर वाहिनी बंद होऊ शकते. दाव्याचा परिणाम सहसा जाहिरातीच्या उत्पन्नापुरता किंवा तो व्हिडिओ काही देशांत न दिसण्यापुरता असतो. मात्र हरकत घेताना आपली बाजू पक्की असली पाहिजे, कारण दावेदार त्यावर व्हिडिओ उतरवण्याची मागणी करू शकतो आणि मग स्ट्राइक लागतो.

१९७४ च्या एलपीची गोष्ट याच्या उलट आहे. तिच्यावरचे पद जुन्या नाटकातले असले तरी ध्वनिमुद्रणावरचा हक्क २०३४ च्या अखेरपर्यंत राहील. तबकडी विकत घेतल्याने आपण त्या प्लास्टिकच्या चकतीचे मालक झालात. तिच्यावरचे गाणे व्हिडिओला जोडण्याचा अधिकार त्या किमतीत आलेला नाही. व्हिडिओला संगीत जोडण्याच्या परवानगीला या व्यवसायात सिंक परवाना म्हणतात आणि ध्वनिमुद्रणाच्या वापराच्या परवानगीला मास्टरचा परवाना. आपणांस मास्टरचा नक्की लागेल, आणि त्यातले शब्द वा चाल अजून हक्काखाली असतील तर दुसराही.

‘मत्स्यगंधा’ १९६४ सालचे. अभिषेकीबुवा मूळचे मंगेशीचे, म्हणून ते आपले आहेत असे आपण म्हणतो. ते खरेही आहे, पण १९९८ साली त्यांचे निधन झाले असल्यामुळे त्यांच्या चालींवरचा हक्क २०५८ च्या अखेरपर्यंत चालणार. शब्द वसंत कानेटकरांचे, तेही हक्काखालीच आहेत. त्या मुलीने पद स्वतः गायले असल्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी लागणार नाही, पण शब्द आणि चाल या दोहोंची लागेल. बोरकरांच्या कवितेचे शब्द, बाकीबाब १९८४ साली वारले म्हणून, २०४४ च्या अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. चाल आपल्या शिक्षकांची आहे, तेव्हा वारसांकडून कविता स्वरबद्ध करून प्रसिद्ध करण्याची आणि शिक्षकांकडून त्यांच्या चालीची, अशा दोन परवानग्या घ्याव्या लागतील. शिक्षक आपलेच आहेत म्हणून त्यांचा कागद राहून जातो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

नवखा वाचक यांचे उत्तर

एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? दहा सेकंदांपेक्षा कमी तुकडा घेतला तर चालतो असे सगळेच सांगतात. शिवाय खाली मूळ कलाकारांचे नाव देऊन ‘हक्कभंगाचा हेतू नाही’ असे लिहिले आणि जाहिराती बंद ठेवल्या की प्रश्न मिटतो. माझ्या वाहिनीवर असे चाळीसेक व्हिडिओ आहेत आणि कोणी काही म्हटलेले नाही.

मडगावचा वकील यांचे उत्तर

दहा सेकंदांचा असा नियम भारतीय कायद्यात कोठेही नाही. कलम ५२ मध्ये खासगी उपयोग व संशोधन, टीका वा समीक्षा आणि चालू घडामोडींचे वृत्त यांसाठी उचित वापराची मुभा आहे. एखाद्या भागात आपण एका पदाची गायकी समजावून सांगताना तेवढ्यापुरती ओळ ऐकवली, तर तिचा आधार घेता येईल. पण तोच तुकडा प्रत्येक भागाच्या आरंभी शोभेसाठी वाजवला तर ती समीक्षा राहत नाही, मग तो सात सेकंदांचा असो की सत्तर. श्रेय देणे हे सौजन्य आहे आणि कर्त्याचा तो नैतिक हक्कही आहे. त्याने परवानगीची जागा भरून निघत नाही. ‘हेतू नाही’ हे वाक्य तर, मला स्पष्ट बोलण्याची मुभा असेल तर, ‘हे दुसऱ्याचे आहे हे मला ठाऊक होते’ अशी लेखी कबुली ठरते. चाळीस व्हिडिओंवर कोणी काही म्हटले नाही याचा अर्थ एवढाच की अजून म्हटलेले नाही.

कॅसेटसंग्राहक (डिचोली) यांचे उत्तर

परवानगी लागते हे कळल्यानंतरची वाट मी चालून पाहिली आहे, म्हणून तिच्यातले खड्डे सांगतो. काही वर्षांपूर्वी भजनी परंपरेवर एक लहानशी ध्वनिमालिका केली होती आणि तिच्यासाठी १९८० च्या दशकातल्या एका कॅसेटवरचा अभंग हवा होता. अभंग तुकोबांचा, म्हणजे शब्दांना हात लावायला कोणाची हरकत नाही, पण चाल आधुनिक आणि ध्वनिमुद्रण एका कंपनीचे.

मालक कोण हे शोधायला कॅसेटचा कागद उघडून पाहावा. त्यावर बारीक अक्षरांत दोन खुणा असतात: वर्तुळात ‘सी’ आणि वर्तुळात ‘पी’. ‘सी’ ही छापील मजकूर व चित्र यांच्या हक्काची खूण असते. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि त्याच्या प्रसिद्धीचे वर्ष ‘पी’पुढे लिहिलेले असते. आपल्याला ‘पी’पुढचे नाव हवे. एलपी असेल तर तबकडीच्या मधल्या कागदावर, भोकाच्या खालच्या बाजूस, तबकडीचा क्रमांकही मिळतो. पत्रात तो क्रमांक आणि बाजू लिहिली तर पलीकडच्या माणसाचे काम निम्मे होते. कंपनीचे नाव पुढे बदललेले असू शकते. एचएमव्हीच्या छापाच्या जुन्या तबकड्या काढणारी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया आज सारेगामा या नावाने आहे, हे अनेकांना ठाऊक नसते आणि ते एचएमव्हीचा पत्ता शोधत बसतात.

माझ्या वाट्याला आलेली कंपनी मात्र लहान होती आणि तिचे नाव मी घेणार नाही. पहिल्या पत्राला चार महिने उत्तर नव्हते. दुसऱ्या पत्राला उत्तर आले की तो संग्रह आम्ही दुसऱ्यांना विकला. त्या दुसऱ्यांनी तासाभरात उत्तर पाठवले आणि रक्कम अशी सांगितली की मी दोनदा शून्ये मोजली. मग ध्यानात आले की चूक माझीच होती. मी पत्रात नुसते ‘ऑनलाइन प्रकल्पासाठी’ असे लिहिले होते आणि त्यांनी तो जाहिरातीचा प्रकल्प समजून दर सांगितला होता. नेमके काय, किती आणि कोठे हे लिहून तिसरे पत्र पाठवले तेव्हा रक्कम एकदम खाली आली. तरीही ती आमच्या मंडळाच्या ऐपतीबाहेरच होती, हा भाग वेगळा.

तेव्हापासून मी पत्राचा मजकूर असा ठेवतो: ‘आम्ही आमच्या गावच्या नाट्यपरंपरेवर आठ भागांची विनामूल्य मालिका करीत आहोत. आपल्या अमुक क्रमांकाच्या ध्वनिमुद्रिकेच्या पहिल्या बाजूवरील तिसऱ्या पदाचे आरंभीचे २० सेकंद प्रत्येक भागाच्या शीर्षकाखाली वापरण्याची अनुमती मिळावी, ही विनंती. मालिका यूट्यूबवर जगभर उपलब्ध राहील, तिच्यावर जाहिराती घेतल्या जाणार नाहीत आणि आमची विनंती कोणत्याही मुदतीच्या मर्यादेविना आहे. ध्वनिमुद्रणात कोणताही बदल केला जाणार नाही. श्रेय आपण सांगाल त्या शब्दांत दिले जाईल. आपले मानधन कळवावे.’

यातले ‘जगभर’ आणि मुदतीविषयीचे शब्द कोणी गाळू नयेत. कारण वकीलसाहेबच अधिक नीट सांगतील.

मडगावचा वकील यांचे उत्तर

सांगतो. कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. कलम ३०अ मुळे हीच तरतूद परवान्यांनाही लागू होते. म्हणजे एखाद्या वारसाने ‘माझी हरकत नाही, खुशाल वापरा’ असे प्रेमाने लिहून दिले, तरी कायद्याच्या दृष्टीने ती परवानगी पाच वर्षांपुरती आणि भारतापुरती आहे असा अर्थ निघू शकतो, आणि आपली मालिका तर पहिल्याच दिवसापासून दुबईत, लिस्बनमध्ये आणि स्विंडनमध्ये पाहिली जाणार आहे. परवाना लेखीच हवा. दूरध्वनीवर मिळालेल्या होकाराला गावात किंमत असते, कायद्यात नसते. वारस एकापेक्षा अधिक असतील तर सगळ्यांची संमती घ्यावी, किंवा एकाला इतरांच्या वतीने सही करण्याचा अधिकार आहे याचा कागद घ्यावा.

पत्र पाठवण्यापूर्वी आणखी एक विचारणा करावी. गीतकार व संगीतकारांची आयपीआरएस ही १९६९ साली स्थापन झालेली संस्था आहे. संबंधित कर्ते वा त्यांचे वारस तिचे सभासद आहेत काय, आणि आपणांस हवा असलेला हक्क तिच्याकडे आहे की वारसांकडे वा एखाद्या प्रकाशकाकडे, हे तिला विचारून घ्यावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणासाठी दिलेल्या शब्दांच्या व चालीच्या स्वामित्वधनातला (रॉयल्टीतला) आपला समान वाटा गीतकार आणि संगीतकार यांना वारस किंवा अशी संस्था यांखेरीज कोणालाही देऊन टाकता येत नाही. म्हणून ‘सगळे हक्क कंपनीकडे आहेत’ असे कोणी ठासून सांगितले तरी दोन प्रश्न अधिक विचारणे योग्य. मात्र सभागृहात वा हॉटेलात संगीत वाजवण्यासाठी मिळणारा परवाना घेऊन कोणी व्हिडिओ करू लागला, तर तो परवाना तिथे उपयोगाचा नाही.

कोणी तरी विचारील म्हणून लिहून ठेवतो: कलम ३१क मध्ये मूळ ध्वनिमुद्रण होऊन पाच वर्षे उलटल्यावर त्याच पदाचे नवे ध्वनिमुद्रण करण्यासाठी वैधानिक परवान्याची सोय आहे. परंतु त्यात दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ भरावे लागते आणि ती सोय ध्वनिमुद्रणापुरती आहे. व्हिडिओ हा कायद्यात चित्रपटाच्या व्याख्येत जातो. आपल्या मुलीच्या पदाला ती वाट नाही. वारसांना पत्र लिहिणे हीच वाट.

न्यू जर्सीकर यांचे उत्तर

मी मूळचा साखळीचा. मोकळ्या झालेल्या पदांविषयी एक सूचना. भारतात ज्या जुन्या तबकडीवरचा हक्क संपलेला आहे तिच्यावर अमेरिकेत तो शिल्लक असू शकतो. इथे २०१८ साली झालेल्या कायद्याप्रमाणे १९२३ ते १९४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना प्रसिद्धीपासून शंभर वर्षांचे संरक्षण आहे आणि १९४७ ते १९५६ मधल्यांना एकशे दहा वर्षांचे. म्हणून १९३५ सालची एखादी तबकडी तुमच्याकडे फोंड्यात निर्धास्तपणे वाजेल आणि माझ्याकडे तो व्हिडिओ ‘आपल्या देशात उपलब्ध नाही’ असे सांगेल. तुम्ही स्वतः गाऊन केलेल्या ध्वनिमुद्रणाला ही अडचण येत नाही. खरे सांगायचे तर मला गुळगुळीत तबकडीपेक्षा तुमच्या मांडावरचा पंख्याचा आवाजच ऐकायला आवडेल.

ऑर्गनवाला (माशेल) यांचे उत्तर

एवढा वेळ कवी, संगीतकार, कंपनी आणि वारस यांची चर्चा वाचली. जो समोर बसून गातो आणि वाजवतो त्याचे नाव फक्त ‘आमचा गायक’ असे येऊन गेले, म्हणून लिहितो.

चाळीस वर्षे मी जत्रेच्या नाटकांत ऑर्गनची साथ करीत आहे. गेल्या काही वर्षांत कोण कोठून मोबाइल धरतो आणि कोणत्या वाहिनीवर मी वाजवताना दिसतो, हे मला इतरांकडून कळते. एकदा तर एका व्हिडिओत माझी साथ होती आणि खाली नाव दुसऱ्याच कोणाचे होते. गाण्याची मात्रा चुकली म्हणून नाटकात कोणी मला बोलले तर मी ऐकून घेईन, पण दुसऱ्याच्या नावावर वाजवायची माझी तयारी नाही.

कलाकाराचाही हक्क कायद्यात आहे, असे मला एका कार्यशाळेत सांगितले होते. वकीलसाहेबांनी ते खरे की कसे ते सांगावे. जत्रावेडेबाब, तुमच्या सभामंडपातल्या ऑर्गनवाल्याला तुम्ही विचारले होते काय?

मडगावचा वकील यांचे उत्तर

पूर्णपणे खरे, आणि ते माझ्या पहिल्याच उत्तरात यायला हवे होते. गायक, वादक आणि नट यांना कलम ३८ प्रमाणे आपल्या सादरीकरणावर ५० वर्षांचा स्वतंत्र हक्क असतो. त्यांच्या संमतीविना ध्वनिचित्रण करणे आणि ते प्रसिद्ध करणे हा त्या हक्काचा भंग होतो, मग पद कितीही जुने आणि मोकळे असो. २०१२ पासून त्यांना नैतिक हक्कही आहे: सादरीकरणाचा कर्ता म्हणून आपले नाव लागावे आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी मोडतोड होऊ नये, हे ते मागू शकतात. तेव्हा जत्रावेडे यांच्या पहिल्या भागाचा हिशेब असा: कंपनीचा दावा खोटा, पण गायक, ऑर्गनवाले आणि तबलजी यांचा कागद नसेल तर त्रुटी खरी. ही संमती एका पानात मावते. कोणत्या तारखेचा प्रयोग, कोणती पदे, कोठे प्रसिद्ध होणार, किती काळ, नाव कसे लावायचे आणि पुढे कधी पैसे मिळाले तर वाटा कसा, एवढे लिहिले की पुरे. मराठीतच लिहावे, सही करणाऱ्याला जे कळते तेच त्याच्याकडून लिहून घ्यावे.

जत्रावेडा (फोंडा तालुका) यांचे उत्तर

सर्वांचे आभार. ऑर्गनवालेबाब, विचारले नव्हते, आणि आपला प्रश्न वाचून मान खाली गेली. नाटकाच्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर ‘प्रयोगापूर्वी लेखकाची परवानगी घ्यावी’ असे छापलेले असते. प्रॉम्प्टर म्हणून ते पान मी शेकडो वेळा उलटले आहे, पण समोर बसलेल्या माणसाला विचारायचे मला सुचले नाही.

दरम्यान काय केले ते कळवतो. ‘मानापमान’च्या पदावरच्या दाव्याला सांगितल्याप्रमाणे हरकत नोंदवली; तीन आठवड्यांत दावा सुटला. एलपीचा तुकडा सोडून दिला. त्याच्याऐवजी टेंबे यांचीच एक चाल आमच्या ऑर्गनवाल्यांनी शीर्षकासाठी नव्याने वाजवली आहे आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी सभामंडपातला पंखा मुद्दाम बंद केला नाही. कानेटकर आणि अभिषेकी यांच्या वारसांना पत्रे गेली आहेत, बोरकरांच्या कवितेसाठीही गेले आहे. तिन्हींत ‘जगभर’ हा शब्द आहे. उत्तरे येईपर्यंत तिसरा आणि आठवा भाग बाजूला ठेवला आहे.

संमतीचा कागद काल आमच्या ज्येष्ठ गायकांकडे नेला. त्यांना आता बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून मी तो मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, वाट्याच्या कलमाला हसले, सही केली आणि कागद हातातच धरून म्हणाले, “नाव लावा, न लावा, ते तुमचे तुम्ही बघा. पण त्या रात्री दुसऱ्या पदात माझा वरचा षड्ज ढळला होता. तेवढा गाळणार की नाही, ते आधी ह्यात लिहा.”

वकीलसाहेब, हे वाक्य मी हाताने खाली लिहून त्यांच्याकडून त्यावर पुन्हा सही घेतली आहे. ते चालेल ना?